तीन तासांचे लग्न, दोन तासांची तबकडी

धारूरहून दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे आमच्याकडे सीताफळांची करंडी येते. बालाघाटच्या डोंगरातली ती फळे आकाराने बेताचीच. पण गोडीला अशी, की पुण्याच्या मंडईतली टपोरी सीताफळे तिच्यापुढे नुसती शोभेची वाटावीत. करंडी पाठवते ती माझी आत्या. ओळखीच्या कोणा एस.टी. चालकाच्या हवाली ती केली जाते आणि मी भल्या पहाटे स्थानकावर जाऊन उतरवून घेतो, असा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. गेल्या वर्षी सौ. करंडी रिकामी करीत होती. तळाशी हात गेला तशी ती दचकून म्हणाली, "अहो, यात वीट कुणी घातली?"

वीट नव्हती. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट होती, आणि सोबत अर्ध्या पोस्टकार्डावर आत्याच्या हातचा मजकूर: "तुझ्या बहिणीच्या लग्नाची क्यासेट आहे. सीडी करून पाठव. फळं दोन दिवसांत पिकतील, वाट बघत बसू नको."

बहीण म्हणजे माझी आतेबहीण, आत्याची एकुलती एक मुलगी. तिचे लग्न मे १९९४ मध्ये धारूरलाच झाले. आज ती परदेशात असते. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, २०११ साली गेले. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे, एकटी राहते, आणि पुण्याला ये म्हटले की "किल्ला कोण सांभाळील?" असे म्हणून विषय संपवते. मोबाईल तिच्यापाशी आहे. पण बटणांचा, आणि तोही वाजला की उचलण्यापुरता. मात्र टीव्हीखाली जावयाने २००६ साली आणून दिलेला एक डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याच्यावर ती संध्याकाळी कीर्तने लावते. तबकडी आत सरकवायची आणि हिरवे बटण दाबायचे, एवढे शास्त्र तिला पक्के येते. गोल आणि चकचकीत अशी कोणतीही वस्तू आत्याच्या भाषेत "सीडी".

"त्यात काय आहे, बाबा," चिरंजीव म्हणाले. "कन्व्हर्ट करायचं आणि राईट करायचं. एका रविवारचं काम."

त्या एका रविवारचे चार रविवार कसे झाले, तेच आज सांगणार आहे.

पहिला खोळंबा म्हणजे कॅसेट लावायची कशावर? जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली ही व्हीएचएस नावाची कॅसेट बाजारात आणली. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे व्हीसीआर भाड्याने आणून एका रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहण्याचा जो सोहळा चाले, तो पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. सकाळी कोणी कोणाशी धड बोलत नसे. हे यंत्र बनवणारी शेवटची कंपनी म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आमच्या घरचा व्हीसीआर त्याच्या कितीतरी आधी रद्दीवाल्याच्या तराजूत गेला होता. अखेर सौ.च्या मैत्रिणीच्या दिराकडे एक निघाला. माळ्यावरून काढताना त्यातून एक पाल निघाली. पण यंत्र चालू होते.

कॅसेट मी आधी एका जुन्या दुरुस्तीवाल्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी कडेची कळ दाबून झाकण उचलले आणि आतली काळी फीत उजेडात धरली. तिच्या कडेवर पिठासारखे काहीतरी पांढरे बसले होते. "बुरशी आहे," ते म्हणाले. "पुसून देतो. एकदा चालेल. दुसऱ्यांदाचा भरवसा देत नाही." त्यांचे म्हणणे मी ऐकले, मान डोलावली आणि घरी येईपर्यंत विसरलो.

फितीवरचे चित्र संगणकात आणायचे तर व्हीसीआरच्या पाठीतून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी काढून एका लहानशा डबीत खोचाव्या लागतात; डबी संगणकाला जोडायची. पिवळीतून चित्र जाते, उरलेल्या दोहोंतून आवाज. यात घाई चालत नाही. कॅसेट तीन तासांची असेल तर तीन तासच लागतात. अलीकडे सगळे क्षणात व्हायची सवय झालेल्या चिरंजीवांना हे अपमानास्पद वाटले आणि ते बाहेर निघून गेले. मी आणि सौ. मात्र बसलो.

आणि काय सांगावे! एकतीस वर्षांमागचे धारूर समोर उभे राहिले. मांडवाचे खांब, पत्र्याच्या खुर्च्या, मागे किल्ल्याचा बुरूज. बालाघाटच्या त्या कड्यावर सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला आणि पुढे निजामशाहीने घेतलेला हा किल्ला. पण शूटिंगवाल्याला तो फक्त नवरीच्या केसांतल्या गजऱ्यामागे अंधुक ठेवण्यापुरता उपयोगी वाटलेला दिसला. ज्यांना आम्ही गेली वीस वर्षे फक्त भिंतीवर पाहिले, ती माणसे चालत होती, घाम पुसत होती, पान खात होती. माझ्या डोक्यावर केस होते. सौ. ते पाहून उगीचच हसली.

त्या काळच्या लग्नाच्या शूटिंगची एक ठरलेली तऱ्हा होती. नवरा-नवरी बदामात यायची, मग कमळात, मग एकदम काश्मीरच्या बर्फावर. आणि मिक्सिंग नावाच्या प्रकारात सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली. मुहूर्ताच्या वेळी भटजी तोंड हलवताहेत आणि ऐकू येते आहे भलतेच गाणे. आतोबा पाच-सहा वेळा ओझरते दिसले. नवरीचा बाप, तो कॅमेऱ्यापुढे थांबणार कुठे? दोन तास असे गेले आणि मग पंगत सुरू झाली. केळीची पाने, द्रोण, जिलबी, मठ्ठा. पंगत काही संपेना. सौ. स्वयंपाकघरात गेली, मी चहाच्या निमित्ताने तिच्या मागे गेलो, आणि परत आलो तेव्हा पाठवणी लागली होती.

शेवटी पडद्यावर नुसती मुंगळ्यांची रांग आली. मी व्यवस्थित माणसासारखी कॅसेट मागे गुंडाळून ठेवायला म्हणून बटण दाबले. आतून खट् असा आवाज आला. झाकण उघडले तर फीत तुटून चुरगाळून यंत्राच्या चाकांत अडकली होती. दुरुस्तीवाल्यांचे वाक्य तेव्हा आठवले. पण लग्न तर संगणकात आले होते. मी फारसे मनाला लावून घेतले नाही.

आता त्या फाईलविषयी. डीव्ही नावाच्या ज्या पद्धतीने ती उतरवली होती, तिला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. म्हणजे तीन तासांचे ३९ जीबी. संगणक तेवढ्याने कण्हू लागला. मी चिरंजीवांना बजावून ठेवले, की तबकडी झाली रे झाली की हे धूड उडवून टाक.

कोऱ्या तबकड्या मिळवायला तीन दुकाने पालथी घातली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या दुकानांत त्यांच्या चळती असत, तेथे आता मोबाईलची कव्हरे लटकतात. या तबकड्या आपल्याकडे नोएडाची मोझर बेअर कंपनी बनवीत असे. जगाला पुरवीत असे म्हटले तरी चालेल. २००७ साली तिने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा चोरून नकला विकणाऱ्यांची सुद्धा पंचाईत झाली होती. २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात गेली. मला अखेर एका स्टेशनरीवाल्याकडे दहा तबकड्यांची एक धुळकट डबी मिळाली. संगणकात हल्ली तबकडीची खाचही नसते; तो रायटर वेगळा विकत आणावा लागला. सीताफळे एव्हाना संपली होती.

पहिली तबकडी चिरंजीवांनी केली. फाईल जरा बारीक करून त्यांनी ती जशीच्या तशी तबकडीवर चढवली, आणि शेजाऱ्यांच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली तर त्याने सरळ नकार दिला. चिरंजीव चकित झाले. त्यांच्या पिढीला वाटते, की फाईल म्हणजे फाईल. कुठेही ठेवा, चालते. पण २००६ सालचा प्लेअर हा संगणक नव्हे. तो एका विशिष्ट सोवळ्यातला ब्राह्मण आहे. त्याला चित्र हवे ते एमपेग-२ पद्धतीचेच. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चित्रे या वेगाचे. ते सगळे 'व्हिडिओ टीएस' नावाच्या खणात, एकेक जीबीच्या आतल्या तुकड्यांत, ठरल्या नावांनी मांडलेले हवे. तसे दिसले तरच तो पानावर बसणार. कन्व्हर्ट करणे आणि राईट करणे यांच्यामध्ये ही मांडणी नावाची तिसरी पायरी असते, आणि 'सीडी मारून द्या' म्हणणाऱ्या आपणां गिऱ्हाइकांना तिची गंधवार्ता नसते. डीव्हीडीस्टायलर नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम हे मांडणीचे काम करतो. त्याच्याशी मी दोन रात्री झगडलो. चिरंजीवांनी तोवर हात टेकले होते.

दुसरी तबकडी चालली, पण मी घाईत पालऐवजी अमेरिकेतली एनटीएससी पद्धत निवडून बसलो होतो. तिच्यात सेकंदाला तीसच्या आसपास चित्रे लागतात. पंचवीसची तीस करताना यंत्राने मधली चित्रे दामटून भरली, त्यामुळे सप्तपदीला नवरा-नवरी ठेचकाळत चालताना दिसू लागली. शिवाय चौकोनी चित्राला मी रुंद पडद्याचे माप दिले होते. सगळे वऱ्हाड आडवे सुटले. सौ.च्या माहेरची मंडळी मुळातच भरदार. त्यांच्याविषयी मी काही बोललो नाही.

खरे दुखणे पुढेच होते, आणि ते होते जागेचे. डीव्हीडीवर ४.७ जीबी असे लिहिलेले असते. संगणकात घातली की ती ४.३७ दाखवते. यात लबाडी नाही. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने मोजतो. पण एवढ्या जागेत तीन तास बसवायचे, तर आवाज धरून सेकंदाला जेमतेम साडेतीन दशलक्ष बिट वाट्याला येतात. दोन तास असतील तर पाच दशलक्षांहून थोडे अधिक. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होते? एमपेगची युक्ती अशी, की एका चित्रातून दुसऱ्यात जे बदलले तेवढेच मुख्यतः लिहून ठेवायचे. मांडवाचा खांब हलत नाही, तर तो पुन्हा कशाला लिहा? नव्या कॅमेऱ्याच्या स्वच्छ चित्राला हे छान लागू पडते. पण जुन्या कॅसेटच्या चित्रावर सारखे मुरमुरे पडत असतात, आणि प्रत्येक चित्रात ते नव्या जागी असतात. यंत्र बिचारे इमानाने तेच लिहीत बसते. सगळी शिल्लक मुरमुऱ्यांवर खर्च होते आणि माणसांच्या चेहऱ्यांवर चौकटी उमटतात. तीन तास एका तबकडीत कोंबून पाहिले, तेव्हा आतेबहिणीचा चेहरा विटांच्या भिंतीसारखा दिसू लागला.

दुप्पट जागेची, ८.५ जीबीची, दोन थरांची तबकडीही असते. पण जुने प्लेअर तिला पुष्कळदा बधत नाहीत. तेव्हा मी कात्री चालवायचे ठरवले. तीन तासांचे दोन तास करायचे. पडद्याखाली लहान लहान चित्रांची पट्टी असते. तिच्यावरून बोट फिरवायचे आणि नको ते तोडायचे. बदाम गेला, कमळ गेले, काश्मीर गेले. एवढ्याने वीस मिनिटे निघाली. उरली चाळीस मिनिटे कुठून काढावीत? पंगत नेमकी चाळीस मिनिटांची होती. पट्टीवर तिची सगळी चित्रे सारखीच: पाने, पाने आणि पाने. लोक जेवताना काय पाहायचे, असे म्हणून मी ती सबंध उचलली. फार सुबक काम झाले असे मला वाटले. सौ. म्हणाली, "आत्याला विचारायचं तरी." मी म्हटले, "आत्याला काय कळतंय यातलं?"

तबकडीवर लिहिण्याला बर्न करणे म्हणतात, ते उगीच नाही. दोन पातळ चकत्यांच्या मध्ये रंगाचा एक थर असतो; लाल लेसरचा ठिपका त्याला जागोजागी डाग देत जातो. हे डाग एका नागमोडी रेघेत पडतात, आणि ती रेघ आतून बाहेर गुंडाळत जाते. सरळ पसरली तर ती जवळजवळ १२ किलोमीटर भरेल. १६ पटींच्या वेगाने हे काम पाच-सहा मिनिटांत होते. पण जुन्या प्लेअरसाठी वेग कमी ठेवावा, शेवटी 'फायनलाईज' करायला विसरू नये, आणि प्लसपेक्षा मायनस जातीची तबकडी घ्यावी. वर नाव घालायचे तर मऊ टोकाच्या पेनाने. बॉलपेनने दाबून नाही, चिकटपट्टी लावून तर मुळीच नाही. आणखी एक गोष्ट. रेघ आतून सुरू होते, म्हणून पूर्ण भरलेल्या तबकडीत लग्नाची सुरुवात मध्याकडे असते आणि पाठवणी अगदी कडेला. बोटांचे ठसे आणि ओरखडे कडेलाच जास्त. लग्नाच्या इतक्या तबकड्या नेमक्या पाठवणीलाच का अडतात, याचे कोडे मला असे साठीत उलगडले.

चौथी तबकडी निर्दोष निघाली. ती पोस्टाने पाठवायला मन घेईना, म्हणून दिवाळी आटोपल्यावर स्वतःच निघालो. बीडला गाडी बदलली. वडवणी, तेलगाव मागे टाकून गाडी धारूरच्या घाटाला लागली. ऊसतोडीचे दिवस सुरू झाले होते. बाजले, हंडे, कोंबड्या आणि लेकरे घेऊन भरलेल्या ट्रॅक्टरच्या रांगा घाट उतरत होत्या. हा सगळा मुलूख मग पाडव्यापर्यंत ओस पडतो, आणि लग्ने लागतात ती मंडळी परत आल्यावर. माझ्या शेजारी बसलेल्या तरुणाने माझ्या हातातली तबकडी पाहून चौकशी केली. मी सांगितले. तो म्हणाला, "आमचं लग्न मोबाईलातच हुतं, काका. फडावर मोबाईल पाटात पडला." पुढे तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही.

आत्याने पुसट झालेल्या पदराने टीव्ही पुसला, तबकडी सरकवली आणि हिरवे बटण दाबले. पाट, पिढे, मंगलाष्टका. ती अगदी टक लावून पाहत होती. मधूनच नावे सांगे: ही परळीची, हा अंबाजोगाईचा, ही गेली, हाही गेला. पाठवणी आली, मुलगी रडली, पडदा निळा झाला. मी कौतुकाच्या अपेक्षेने बसलो होतो.

"आणि पंगत रे?" आत्या म्हणाली.

"पंगत काढली, आत्या. फार लांब होती. मावत नव्हती."

"बरं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, देवापाशी दिवा लागला, तेव्हा कुठे ती पुन्हा बोलली. "त्या पंगतीत ते बोलतात रे. बाकी समद्यावर गाणीच घातली मेल्यानं. तेवढ्या पंगतीवर घातली नाहीत."

माझ्या पोटात गोळा आला. आतोबांचे फोटो घरात चार आहेत, पण आवाज? टेप नाही, फोन नाही, कुठेच काही नाही. कॅसेट तुटून गेलेली. उरली संगणकातली ती फाईल. मी अंगणात जाऊन घरी फोन लावला. चिरंजीव कामानिमित्त बंगळूरच्या विमानात होते. सौ.ला म्हटले, "ती मोठी फाईल आहे ना अजून?" ती म्हणाली, "तुम्हीच तर निघताना तिसऱ्यांदा बजावलंत त्याला, आज रात्री उडव म्हणून. मला त्यातलं काय माहीत?"

त्या रात्री धारूरच्या गच्चीवर मला झोप लागली नाही. समोर किल्ल्याची काळी रेघ दिसत होती. नको तेव्हा नको ते आठवते, तसा मला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आठवला. १९१३ सालचा हा चार रिळांचा चित्रपट. आमच्या पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज त्यातली पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आहेत. आणि तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही जाणकार म्हणतात. मधली गेली. मूकपटांच्या जमान्यातले बहुतेक चित्रपट असेच गेले. कुणी ते दुष्टाव्याने जाळले असे नाही. काही आपोआप पेटले, कारण ती फीतच ज्वालाग्राही. काही फितीतल्या चांदीसाठी वितळवले गेले, आणि काही नुसते जागा अडवतात म्हणून टाकले गेले. अगदी अलीकडे, २००३ साली, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली, तेव्हाही जुन्या फितींचा मोठा साठा जळाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ते वाचून मी चारचौघांत फार हळहळलो होतो. जागा अडवते म्हणून टाकणाऱ्या त्या अज्ञात गृहस्थांना मी तेव्हा बरेच काही बोललो होतो.

सकाळी सहाला चिरंजीवांचा फोन लागला. मी एका दमात सगळे सांगितले. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "बाबा, सॉरी हां. विसरलो. तुम्ही सांगितलं होतं, पण राहून गेलं. आता तिकडून सौरभच्या... नाही, घरी आलो की उडवतो."

"हात लावू नकोस!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की आत्या तवा हातात घेऊन बाहेर आली. मुलाने आपले ऐकले नाही म्हणून आनंद होण्याचा प्रसंग बापाच्या आयुष्यात क्वचितच येतो.

पुण्याला परतल्यावर पहिले काम केले ते पंगत पाहण्याचे. या खेपेला उठलो नाही. एकविसाव्या मिनिटाला आतोबा येतात. खांद्यावर पंचा, पाठ कॅमेऱ्याकडे. वाढप्याला सांगताहेत: "अहो, त्या कोपऱ्यात वाढा आधी. ती मंडळी उन्हातून आलीत." मग वळतात, कॅमेरा दिसतो, आणि ओशाळून म्हणतात, "माझं काय काढता? जेवणाऱ्यांचं काढा." आणि शूटिंगवाला खरोखरच कॅमेरा जेवणाऱ्यांकडे फिरवतो. सगळे मिळून वीस सेकंद. मिक्सिंगवाला तिथवर येईतो कंटाळला असेल किंवा त्याच्याजवळची गाणी संपली असतील. पण त्याच्या त्या आळसाचे मी मनोमन आभार मानले.

चिरंजीवांच्या कचेरीतल्या एका मित्राने नंतर जे सांगितले, ते आधी कळते तर कात्रीच लागती ना. व्हीएचएसच्या चित्रात आडवी बारकाई मुळातच फार थोडी, जेमतेम २४० रेघांची. तिच्यासाठी ७२० ठिपके मांडणे म्हणजे मूठभर पोह्यांना परात घेणे. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय ५७६ असेही एक माप बसते. त्या मापाने जागा निम्म्याने वाचते, जुन्या कॅसेटचे चित्र फारसे उतरत नाही, आणि तीन तास एका तबकडीत सुखाने मावतात. त्याप्रमाणे सबंध लग्नाची एक तबकडी केली, बदाम-कमळासकट. दुसरीवर फक्त पंगत, चांगल्या ऐसपैस मापाने. त्या ३९ जीबीच्या धुडाच्या दोन नकला वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर काढल्या. एक आमच्याकडे, एक आतेबहिणीकडे तिकडे परदेशात. पेनड्राईव्हही एक भरून ठेवला आहे, कारण आत्याचा तो प्लेअर २००६ सालचा, आणि तसला नवा शोधायला गेलो तर आता मिळेलच असे नाही. दोन-तीन वर्षांनी सगळे पुन्हा नव्यावर उतरवायचे, असे कॅलेंडरवर लिहून ठेवण्याचे काम सौ.कडे दिले आहे, चिरंजीवांकडे नाही.

दोन्ही तबकड्या पोहोचल्या, तसा आत्याचा फोन आला. तिने आपणहून फोन करण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग.

"लेकरा, ती पंगतीची रोज लावली तर झिजंल का रे?"

"नाही गं, आत्या. तिला आत काही घासत नाही. नुसता उजेड पडतो तिच्यावर. मात्र धरताना कडेनं धर."

"कडेनंच धरते." मग जरा थांबून ती म्हणाली, "कोपऱ्यातली ती मंडळी आमच्या चुलत्याकडची. उशिरा आली होती. ह्यांनी त्यांना आधी वाढायला लावलं म्हणून व्याही रुसले होते."

यंदाची करंडी परवाच आली. फळे नेहमीसारखीच गोड आहेत. तळाशी, धडप्यात गुंडाळलेल्या, या वेळी तीन विटा होत्या आणि अर्धे पोस्टकार्ड: "शेजारणीच्या आहेत. एक मुंज, दोन लग्नं. सीडी करून पाठव. पंगत काढू नको."